सीएफएसई : टी पेशींच्या पिढ्या मोजणारा रंग

वॉस्प हे प्रथिन पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन तंतूंना फांद्या फुटण्यास मदत करते आणि ते नसल्यास टी पेशींची, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची, वाढ मंदावते. मात्र मोजक्याच पेशी विभाजनास तयार झाल्या, की सगळ्याच सावकाश विभागल्या, हे केवळ एकूण संख्या मोजून कळत नाही. हा भेद दाखवण्यासाठी बेळगावातील आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सीएफएसई हा चमकणारा रंग वापरतो, आणि या कामासाठी मी तो निःशंकपणे सुचवेन.

हा रंग पेशीत शिरून तेथील प्रथिनांना पक्का चिकटतो. पेशी विभागली की तो दोन्ही कन्यापेशींत जवळपास निम्मा-निम्मा वाटला जातो, त्यामुळे तीन-चार दिवसांनी फ्लो सायटोमीटरच्या (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर प्रत्येक पिढीचे वेगळे शिखर उमटते आणि सात-आठ पिढ्यांपर्यंत हिशोब लागतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही टिकून आहे, ती या सरळपणामुळेच. वॉस्प नसलेल्या उंदरांच्या टी पेशींना पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी३ या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने उद्दीपित केल्यास विभाजन तोकडे पडते, परंतु पीएमए आणि आयोनोमायसिन ही पेशीला आतूनच उद्दीपित करणारी रसायने देऊन पृष्ठभागावरून संदेश आत जाण्याचा सुरुवातीचा टप्पा वगळला तर त्या चांगल्या वाढतात. म्हणजे अडचण संदेश आत पोहोचण्यात आहे. याउलट वॉस्प सतत सक्रिय ठेवणाऱ्या उत्परिवर्तनात ॲक्टिन बेसुमार साचते आणि विभाजनाची क्रियाच अडखळते. वाढ दोन्हीकडे कमीच दिसते, म्हणून दोन्ही उद्दीपकांचे आलेख शेजारी ठेवून पाहणे मला अत्यावश्यक वाटते.

रंगाची मात्रा जास्त झाली तर तो स्वतःच पेशींची वाढ रोखतो आणि दोष विनाकारण वॉस्पच्या बिघाडावर जातो; माहितीपत्रकातील मात्रा डोळे झाकून न घेता आपल्या पेशींवर आधी ठरवून घ्यावी. बेळगाव-खानापूरच्या पावसाळी दमट हवेत आणखी एक काळजी हवी. हा रंग ओलाव्याने निकामी होतो, त्यामुळे फ्रीझरमधील कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. मोठी कुपी वारंवार उघडण्यापेक्षा एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांचा संच आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेला अधिक सोयीचा पडतो, जरी तो थोडा महाग असला तरी.

सीएफएसईही हिरवाच चमकतो; म्हणून ज्यांच्या पेशींत हिरवे चमकणारे प्रथिन आधीच आहे, त्यांनी हा रंग न घेता त्याच तत्त्वावरचा जांभळा रंग घ्यावा.