टेंडर घरी घडवायचं: पितळेत की प्लॅस्टिकमध्ये?

वाफेच्या रेल्वे इंजिनाचं मॉडेल तयार आहे, पण त्यामागे जोडायचं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, हव्या त्या नमुन्याचं मिळत नाही. मूळ आराखडा हाताशी आहे. आता पितळी पत्रा कापायचा की प्लॅस्टिकची शीट, इथे बहुतेकांचं काम अडतं. मी दोन्हींत टेंडरं बांधली आहेत आणि माझं मत आधीच सांगतो: हा प्रश्न अख्ख्या टेंडरला एकदम विचारला की उत्तर चुकतं. टेंडर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. वर कोळसा-पाण्याची टाकी, खाली तिला वाहणारा गाडा. टाकीचं काम दिसण्याचं, गाड्याचं काम चालण्याचं. दोघांचं साहित्य वेगवेगळं ठरवा.

पुढची मापं १:७६ प्रमाणाची, म्हणजे एका फुटाला ४ मिमी आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, असं धरून चाललो आहे. मोठ्या प्रमाणाचं शेवटी बोलू.

टाकी

प्लॅस्टिकची, म्हणजे स्टायरिनची, शीट कापायला सुरी पुरते. रेघेवरून दोन-तीनदा हलक्या हाताने सुरी फिरवायची आणि शीट वाकवायची, ती रेघेवरच तुटते. जोडायला ब्युटॅनोनसारखं द्रावक लागतं. भिजलेल्या ब्रशचं टोक सांध्याला टेकवलं की ते आपोआप आत ओढलं जातं, दोन्ही कडा विरघळतात आणि एकजीव होतात. खिडकी मात्र उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. गुण्या लावून चार भिंती उभ्या करायला एक संध्याकाळ पुरते, आणि एखादी भिंत चुकली तर ती फेकून दुसरी कापायला दहा मिनिटं लागतात.

या सोयीची किंमत नंतर मोजावी लागते. माझ्या पहिल्या प्लॅस्टिक टेंडरच्या बाजू दोन थरांच्या होत्या आणि थर चिकटवताना मी द्रावक सढळ हाताने फासलं होतं. रंगवून कपाटात ठेवलेलं ते टेंडर वर्षभराने बाहेर काढलं, तर दोन्ही बाजू मधोमध आत गेलेल्या. थरांमध्ये अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट नव्हती. ते आतून प्लॅस्टिक मऊ करत राहिलं आणि हळूहळू उडून जाताना शीट आकसली. तेव्हापासून आतल्या थराला आधीच २ मिमीची भोकं पाडतो, द्रावक फक्त कडांना आणि भोकांमधून लावतो, आत आडव्या भिंती घालतो आणि टाकीच्या तळाला मोठं भोक ठेवतो. त्यानंतरचं एकही टेंडर वाकलेलं नाही.

पितळेत ही भीती नाही. ०.२५ ते ०.४५ मिमी जाडीचा पत्रा बारीक पात्याच्या करवतीने कापायचा, कानशीने रेघेपर्यंत आणायचा, घडीच्या जागी आतून खाच पाडून वाकवायचा. वेळ तिप्पट लागतो, पण कडा कागदासारखी पातळ दिसते. खऱ्या टाकीचा पत्रा काही मिलिमीटर जाडीचाच असतो. १ मिमी स्टायरिनची उघडी कड त्यापुढे भिंतीसारखी भासते, म्हणून वरून दिसणारी कड आतून तासावीच लागते. शिवाय चुकलेला सांधा पुन्हा तापवला की सुटतो. प्लॅस्टिकचा सुटत नाही.

अडचण उष्णतेची. पितळ उष्णता इतकी भराभर पसरवतं की एका टोकाला पायरी जोडताना दुसऱ्या टोकाचा दांडा गळून पडतो. त्यावर तोडगा म्हणजे सोल्डरची उतरंड: मुख्य सांधे १८८ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणाऱ्या सोल्डरने, छोटे भाग १४५ अंशांच्या, आणि मऊ धातूचे ओतीव भाग ७० अंशांच्या. हे शेवटचं पितळेला थेट धरत नाही, आधी त्या जागी नेहमीच्या सोल्डरचा पातळ थर द्यावा लागतो. जर्मन सिल्व्हर मिळत असेल तर तेच घ्या. नावात चांदी असली तरी ते तांबं, जस्त आणि निकेलचंच मिश्रण. पण पितळेपेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे सांधा जिथल्या तिथे तापतो. सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा फ्लक्स आम्लाचा असेल तर त्या दिवशीचं काम त्याच दिवशी धुवा. रात्रभर राहिला तर सकाळी हिरवे डाग दिसतात.

आता आराखड्याकडे नीट बघा. निर्णय बराचसा तिथेच होतो.

टाकीवर रिव्हेटच्या ओळी असतील तर त्या मोजा. खरं २५ मिमीचं डोकं या प्रमाणात ०.३३ मिमी होतं, आणि अशी शेकडो डोकी एका रेषेत यायला हवीत. पितळेत ती मागून ठोकून उठवतात. प्रत्येक ठोक्याला पत्रा किंचित ताणला जातो आणि लांब ओळीनंतर केळीच्या सालीसारखा वळतो. म्हणून ठोकणं आधी, बाहेरची रेघ कापणं नंतर. ०.२५ मिमी स्टायरिनवरही असंच ठोकता येतं आणि ती जाड शीटवर चिकटवली की सपाट राहते. फक्त द्रावक खळग्यांत जाऊ देऊ नका, डोकी विरघळून पुसट होतात. रिव्हेटच्या बाबतीत मी प्लॅस्टिकला झुकतं माप देतो.

वरची कड बाहेर वळलेली असेल, तर मात्र उलट. पितळी पत्रा तापवून मंद लाल करून थंड केला की मऊ पडतो, आणि गोल दांड्यावर दाबून ती वळणदार कड एका झटक्यात येते. मागच्या कोपऱ्यात, जिथे दोन वळणं भेटतात, तिथे फट सोडून ती सोल्डरने भरायची आणि कानशीने आकार द्यायचा. याच जागेसाठी लोक पितळ शिकतात, आणि ते योग्यच आहे. स्टायरिन नळीभोवती बांधून गरम पाण्यात बुडवलं तर वळतं, पण थोडं परत उघडतं आणि दोन्ही बाजू सारख्या यायला दोन-तीन प्रयत्न लागतात. १९०० च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या व्हँडरबिल्ट टेंडरसारखी दंडगोल टाकी असेल तर प्रश्नच मिटतो: योग्य व्यासाची प्लॅस्टिकची नळी घ्या.

वजनाचा हिशेब एकदा करून बघा. ९० मिमी लांब, ३० रुंद आणि १८ उंच टाकीचा सगळा पृष्ठभाग साधारण ९७ चौरस सेंटीमीटर. ०.४ मिमी पितळेत त्याचे ३३ ग्रॅम होतात, १ मिमी स्टायरिनमध्ये जेमतेम १०. पितळेच्या बाजूने हा मुद्दा नेहमी मांडला जातो, पण मला तो पटत नाही. प्लॅस्टिकच्या टाकीत शिशाचा तुकडा हवा तिथे बसवता येतो, आणि जागा निवडता येणं हे नुसत्या वजनापेक्षा जास्त कामाचं आहे. टेंडर गरजेपेक्षा जड झालं तर इंजिनाची चाकं जागेवर फिरतात.

गाडा

इथे मी तडजोड करत नाही. गाडा धातूचाच. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सोल्डरच्या दोन थेंबांनी एकावर एक चिकटवायच्या, आसांची भोकं एकदाच आरपार पाडायची, मग तापवून पट्ट्या सोडवायच्या. दोन्हीकडची भोकं तंतोतंत समोरासमोर येतात. प्लॅस्टिकमध्ये एवढी अचूकता मला जमली नाही, आणि भोकांत पितळी बुश, म्हणजे आसाला धरणाऱ्या छोट्या नळ्या, घातल्या तरी पट्टी स्वतःच लवते.

सहा चाकी टेंडरमध्ये तिन्ही आस घट्ट बसवले तर उंचसखल रुळावर एखादं चाक अधांतरी राहतं. मधल्या आसाचं भोक उभं लांबट करणं हा किमान उपाय. त्याहून चांगला म्हणजे मागचा आस पक्का ठेवून पुढचे दोन एका डोलत्या दांडीवर तोलणं. चाकांमधून वीजही घ्यायची असेल तर ही मेहनत कराच. टेंडरची सहा चाकं वीज घेऊ लागली की इंजिन काट्यावर, म्हणजे रूळ बदलतात तिथे, अडखळायचं थांबतं.

विजेचा एक धोका फक्त धातूच्या टाकीला आहे. इंजिन एका रुळावरून आणि टेंडर दुसऱ्या रुळावरून वीज घेत असेल, तर दोघांच्या मधली पायपट्टी किंवा जोडदांडा टेकताच शॉर्ट होतो, आणि तो बहुधा वळणावरच होतो. प्लॅस्टिकची टाकी आणि प्लॅस्टिकची पायपट्टी असेल तर हा त्रास जवळजवळ उरत नाही. डिकोडर (इंजिनाला डिजिटल हुकूम पोचवणारी चकती) आणि स्पीकर आत बसवायचे असतील तर हा फरक आणखी जाणवतो.

रेझिनच्या थ्रीडी प्रिंटबद्दल विचारलं जातं. ॲक्सलबॉक्स (आसांच्या टोकांवरच्या डब्या) आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा प्रिंट करून घ्या, सहा एकसारख्या मिळतात. सपाट लांब बाजू मी प्रिंट करणार नाही. त्या वाकतात आणि थरांच्या रेषा घासताना रिव्हेटही जातात.

१:४३.५ प्रमाणात पितळेचं पारडं जड होतं. तिथे टाकी दीडपटीहून जास्त लांब असते, प्लॅस्टिकच्या मोकळ्या बाजू वाकायला तेवढाच जास्त वाव मिळतो, आणि पत्रा मात्र हाताळायला सोपा जातो. खऱ्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचं टेंडर पाणी साठवणार आणि त्यात हातपंप बसणार, म्हणून तिथे पितळ हाच पर्याय. दाब नसल्याने साधं सोल्डर चालतं. पोलाद गंजतं, ते टाकीला नको.

सुरुवात मात्र गाड्यापासून करा. नुसता गाडा इंजिनामागे जोडून, वर तात्पुरतं वजन ठेवून, सगळ्यात आवळ वळणावरून आणि काट्यावरून दोन्ही दिशांना चालवा. रुळावरून उतरत नसेल तरच टाकी कापायला घ्या, आणि ती खालून दोन स्क्रूंनी बसवा, म्हणजे चाकांचं काम निघालं तर रंगाला हात लावावा लागणार नाही.