हायब्रिडचे टायर: बडोद्याच्या उन्हात 'लाख किलोमीटर'वाले घ्यावेत का?

बडोद्यात स्ट्राँग हायब्रिडचे, म्हणजे अधूनमधून नुसत्या बॅटरीवरही धावणाऱ्या पेट्रोल गाडीचे, टायर बदलायला गेलात की दुकानदार बहुतेक वेळा आधी पुढे करतो तो 'लाख किलोमीटर चालणारा' टायर. वर्षाला १० हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला तो घेऊ नये, असं आमचं सरळ मत आहे. त्या वेगाने लाख गाठायला १० वर्षं लागतील. इथे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि गाडी सोसायटीत उघड्यावर तापत असते. पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा दिसू लागतात. मग नक्षी शिल्लक असतानाच टायर काढावा लागतो. न वापरलेल्या ४० हजार किलोमीटरचे पैसे गेलेले असतात, आणि तोवरचे सगळे पावसाळे पाण्यात कमी पकडणाऱ्या रबरावर काढलेले असतात.

रोज हालोल, अंकलेश्वर किंवा अहमदाबाद करणाऱ्याची गोष्ट वेगळी. वर्षाला २५-३० हजार पडत असतील तर टायर म्हातारा होण्याआधी घासून संपतो. त्याने सिएट मायलेझ एक्स३ किंवा अपोलो अमेझर ४जी लाइफ या जातीचे टायर जरूर पाहावेत, अर्थात आपल्या साइजमध्ये मिळत असतील तर. १७ इंची रिमला या जातीत निवड फारशी नसते.

आता ऍव्हरेजकडे. चाक फिरताना रबर दबतं, सुटतं आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. तो झाला रोलिंग रेझिस्टन्स. तो १० टक्क्यांनी घटला तर इंधन साधारण १ ते २ टक्के वाचतं. हायब्रिडमध्ये त्याचं महत्त्व थोडं जास्त, कारण मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीत ब्रेकमध्ये जाणारी बरीच ऊर्जा मोटर परत बॅटरीत भरते, पण टायरमध्ये गेलेली ऊर्जा कधीच परत येत नाही. एक्स्प्रेसवेवर १०० च्या वेगाने मात्र हवेचा विरोध इतका वाढतो की चांगल्या-वाईट टायरमधला फरक त्यात बराचसा झाकला जातो.

पैशांत सांगायचं तर: १० हजार किलोमीटर, २२ चा ऍव्हरेज, म्हणजे वर्षाला ४५५ लिटर पेट्रोल. टायरने ३ टक्के वाचवले तर साडेतेरा लिटर. लिटरला ९५ रुपये धरले तर १,३०० रुपयांच्या आसपास. पाच वर्षांत साडेसहा हजार. चार टायरच्या सेटवर याहून जास्त फरक मोजून 'फ्युएल सेव्हर' घेण्यात अर्थ नाही, आणि एवढ्या रकमेसाठी पावसातली पकड तर मुळीच सोडू नये.

पकड, टिकाऊपणा आणि कमी रोलिंग रेझिस्टन्स ही तिन्ही एकदम वाढवायची तर सिलिका असलेलं महाग रबर लागतं. स्वस्त टायरमध्ये त्यातलं एक हमखास मारलेलं असतं, आणि ते बहुधा ओल्या रस्त्यावरची पकड असते. युरोपीय लेबल मिळालं तर इंधन आणि ओली पकड ही दोन्ही अक्षरं पाहा. प्रतवारी ए पासून ई पर्यंत असते. इंधनात सी चालेल, पकडीत बी च्या खाली जाऊ नका. आपल्याकडचं बीईईचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) स्टार लेबल रोलिंग रेझिस्टन्सवरून दिलं जातं आणि ते ऐच्छिक आहे, त्यामुळे स्टार नसलेला टायर वाईटच असेल असं नाही.

रोज शहर आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी असेल तर आमची पसंती मधल्या जातीला: ब्रिजस्टोन टुरान्झा ६आय, योकोहामा ब्लूअर्थ-जीटी, मिशेलिन प्रायमसी ४ एसटी. तिन्हींची मांडणी ओली पकड आणि शांतपणा याभोवती आहे. शांतपणा हायब्रिडमध्ये चैन नाही. गाडी बॅटरीवर चालू असते तेव्हा इंजिनचा आवाज नसतो, मग टायरची घरघर उघडी पडते. पेट्रोल गाडीत न जाणवणारा आवाज इथे डोकं उठवतो. खास इलेक्ट्रिक गाड्यांसाठी निघालेले टायर, उदाहरणार्थ अपोलो अ‍ॅम्पेरियन, हायब्रिडला लागतातच असं नाही. या गाड्यांची बॅटरी एखाद-दीड युनिट विजेची असते, इलेक्ट्रिक गाडीसारखं मणामणाचं ओझं त्यांच्यावर नसतं.

साइज बदलू नका. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडला २१५/६० आर१७ येतो, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची तिच्या ६० टक्के, रिम १७ इंची. टोयोटा इनोव्हा हायक्रॉसमध्ये आकडा व्हेरियंटप्रमाणे बदलतो; होंडा सिटी हायब्रिडला १८५/५५ आर१६. जाड दिसावा म्हणून २१५ च्या जागी २२५/६० बसवला की व्यास १२ मिलिमीटरने वाढतो, स्पीडोमीटर कमी दाखवू लागतो आणि ऍव्हरेजही घटतो. साइजपुढचा आकडा-अक्षर, जसं ९६एच, हेही तेवढंच महत्त्वाचं: ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, एच म्हणजे ताशी २१०. ९६ च्या जागी ९४ स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये.

होंडा सिटीवाल्यांना एक जादा सूचना. त्या टायरची साइडवॉल जेमतेम १०२ मिलिमीटर उंच आहे, हायरायडरची १२९. खोदलेल्या रस्त्याच्या कडेवर जोरात आदळली तर आतली दोरी तुटून फुगा येतो, आणि फुग्याला दुरुस्ती नाही. शिवाय मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५३ न्यूटन-मीटर, तोही सुटतानाच मिळणारा. सिग्नलला पाय दाबायची सवय असेल तर पुढचे टायर लवकर जातील. या सगळ्या गाड्यांत ओढायचं काम आणि ब्रेकने वीज भरायचं काम, दोन्ही पुढच्याच चाकांवर आहे. म्हणून दर ८ हजारांवर फेरपालट करा: पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तिरके नाही, त्याच बाजूला पुढे-मागे. दोनच नवे घेत असाल तर नवे मागे बसवा. दुकानदार पुढे बसवू पाहील, पण पाण्यात मागचं चाक सुटलं तर गाडी सावरणं फार अवघड.

वाघोडियाजवळ लिमड्याला अपोलोचा कारखाना, हालोलला सिएटचा. म्हणून बडोद्यात टायर ताजाच मिळतो, हा गोड गैरसमज आहे. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या वरचा असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडा. चारही टायरचे कोड वाचा, कारण दर्शनी टायर ताजा आणि आतून आणलेला जुना असं होतं. आयएसआय खूण हवीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच कागद लागतो.

बसवताना हायब्रिडची काही पथ्यं आहेत. गाडी जॅकवर घेण्याआधी डॅशवरचा 'रेडी' दिवा विझलेला हवा, नाहीतर बॅटरी उतरली की इंजिन आपोआप चालू होतं आणि खाली कुणाचा तरी हात असतो. अलाइनमेंटसाठी स्टिअरिंग मोकळं लागतं; तेव्हा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबून नुसतं पॉवर ऑन करायचं. जॅक ठरलेल्या जागीच लागला पाहिजे, बॅटरीच्या नारिंगी हाय-व्होल्टेज केबलच्या वाटेत नाही. दुकानातली मुलं न्यूमॅटिक गनने चाकाचे नट पिळून मोकळी होतात. बहुतेक गाड्यांना १०० ते ११० न्यूटन-मीटर पुरतात, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. शेवटची पकड टॉर्क रेंचनेच करायला लावा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या. जुना व्हॉल्व्ह ठेवू देऊ नका. त्यात प्रेशर सेन्सर असेल तर मशिनवर टायर चढवण्याआधीच सांगा, कारण टायर चढवायची पट्टी त्यावर आली की सेन्सर तुटतो. 'अलाइनमेंट फ्री' असलं तरी आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागा. टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, थोडा जरी चुकला तर नवा टायर एका कडेने घासायला लागतो, आणि ते डोळ्यांना दिसेपर्यंत बरंच रबर गेलेलं असतं.

हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, तोही गाडी थंड असताना. पाच-साडेपाच अंशांमागे दाब साधारण १ पीएसआयने बदलतो. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांत ३३ भरलेली हवा मेच्या दुपारी सावलीतही ३८ च्या आसपास दिसते, फिरून आल्यावर आणखी वर. पंपावरचा मुलगा ती 'जास्त झाली' म्हणून सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो, कडा तापतात, घासतात. नायट्रोजनला पैसे देण्याची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

नव्या टायरवर पहिल्या महिन्यात ऍव्हरेज पडलेला दिसतो, आणि लोक टायरला शिव्या घालतात. थोडा तो खराच पडतो, जाड नक्षी जास्त दबते. पण बराचसा आकड्यांचा खेळ असतो. २१५/६० आर१७ चा व्यास नवा असताना ६९० मिलिमीटर; नक्षी ६ मिलिमीटर घासली की ६७८. जुन्या टायरवर मीटर पावणेदोन टक्के जास्त किलोमीटर मोजत होतं, म्हणून जुना २२.५ हा खरा २२.१ होता. दोन-तीन हजार किलोमीटर होऊ द्या, टाकी भरून टाकी भरेपर्यंतचा हिशेब करा, मग बोला.

बदलायची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, खोबणीतल्या उंचवट्यांशी नक्षी सपाट झाली की ती आली. बडोद्यातला पाऊस आणि साचलेलं पाणी पाहता ३ मिलिमीटरला टायर काढावा, तोही जूनच्या आत.