काळी टाकी, केजवाली की पीपी? साबणाचं रसायन ठेवायला काय घ्यावं

सिन्नरला माझा मावसभाऊ फरशी क्लीनर आणि डिशवॉश लिक्विडचं छोटं युनिट टाकतोय. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "दादा, नॉनआयॉनिक (मळ काढणारं कच्चं रसायन, सरफॅक्टंटचा एक प्रकार) आता ड्रमने नको, लूजमध्येच घेतो. तीन हजार लिटरची काळी टाकी बघितलीय, तीन थरांची. कोणत्या रसायनाला कोणतं प्लास्टिक चालतं त्या तक्त्यात पॉलिथिलीनसमोर 'चालतं' असं लिहिलंय. घेऊ ना?"

मी नाशिकच्या अंबडला हाच तक्ता बघून हीच टाकी घेतली होती. पहिला पावसाळा नीट गेला, हिवाळाही गेला. उन्हाळ्यात एका सकाळी शेड उघडली तर खालच्या आउटलेटभोवती ओल दिसली आणि फरशीवर चपला टिकेनात. पुसून बघितलं तर निपलच्या (पाइप जोडायच्या तुकड्याच्या) कडेपासून वर गेलेली बोटभर चीर होती. प्लास्टिक मऊ पडलेलं नव्हतं, फुगलेलं नव्हतं, रंगही गेला नव्हता. ब्लेडने कापावी तशी स्वच्छ चीर. टाकीवाला म्हणाला प्लंबरने जास्त आवळलं, प्लंबर म्हणाला टाकीच कच्ची. दोघांचंही अर्धं खरं होतं, हे मला बरंच नंतर कळलं.

तक्ता खोटं सांगत नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. रसायन प्लास्टिकला विरघळवतं का, फुगवतं का, एवढंच तो बघतो. सरफॅक्टंट यातलं काहीच करत नाही. पण पॉलिथिलीनच्या ज्या भागावर आधीच ताण आहे, तिथे ते साखळ्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकींवरून सटकायला मदत करतं. सावकाश, महिनोन् महिने. ताण नसेल तर काही होत नाही. ताण असेल आणि तिथे साधं पाणी असेल, तरी वर्षानुवर्षं काही होत नाही. दोन्ही एकत्र आले की चीर पडते. इंग्रजीत याला एन्व्हायर्नमेंटल स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात आणि त्याला तोंड देण्याची प्लास्टिकची ताकद डेटाशीटवर 'ईएससीआर' या चार अक्षरांत येते.

गंमत म्हणजे पॉलिथिलीन किती चिवट आहे हे मोजायची जी नेहमीची चाचणी आहे, एएसटीएम डी १६९३, तिच्यात वापरतात ते द्रव नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटच आहे. म्हणजे आपण ज्याला एनपी म्हणून ड्रमवर ड्रम घेतो, त्याच घराण्यातलं. प्लास्टिकच्या दहा पट्ट्यांना खाच पाडायची, त्या वाकवून पितळेच्या खोबणीत अडकवायच्या, ५० अंशांच्या द्रवात बुडवायच्या आणि निम्म्या पट्ट्या तडकायला किती तास लागतात ते मोजायचं. प्लास्टिकवाल्यांनी सगळ्यात खोडकर द्रव म्हणून जे निवडलं, तेच आपण टाकीत साठवायला निघालो आहोत. आणि पातळ केलं की धोका कमी झाला असंही समजू नका. याच चाचणीत बऱ्याच ग्रेड शंभर टक्के द्रवापेक्षा १० टक्क्यांच्या द्रावणात लवकर तडकतात.

आता टाक्यांकडे येऊ.

काळी पाण्याची टाकी स्वस्त आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी. ती एलएलडीपीईची (पॉलिथिलीनचाच लवचीक प्रकार), रोटोमोल्डिंगने म्हणजे साचा फिरवून केलेली असते आणि तिचं आयएस १२७०१ हे मानक पाण्याच्या साठवणीसाठीच आहे. भिंतीची जाडी पाण्याच्या हिशोबाने. वजन इथे खरा शत्रू नाही, कारण आपल्या बहुतेक सरफॅक्टंटची घनता १ ते १.०७ च्या आसपास असते. शत्रू आहे तो छिद्र पाडून रबर-वायसर लावून आवळलेला निपल. तयार माल दिवस-दोन दिवस ठेवायला, धुण्याच्या पाण्याला, बॅचमधल्या पाण्याला ही टाकी वापरा. कच्चा माल भरून वर्षभर उभी ठेवायला मी परत घेणार नाही. आणि उद्या कोणी म्हणालं की हीच टाकी रिकामी आहे, हिच्यात कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) भरू, तर हात जोडा. ४८ टक्के लायची घनता १.५ असते. पाच हजार लिटर म्हणजे साडेसात टन.

केजवाली टाकी म्हणजे आयबीसी. हजार लिटर, आत एचडीपीईची (कडक पॉलिथिलीनची) बाटली, बाहेर लोखंडी जाळी. महिन्याला टन-दोन टन माल लागत असेल तर माझं मत सरळ हिच्या बाजूने आहे. ताण घेते जाळी, व्हॉल्व्ह कारखान्यातूनच बसवून येतो, कोणी ड्रिल मारत नाही. शिवाय धोकादायक मालासाठीचं प्लास्टिक पॅकिंग तपासताना युरोपच्या वाहतूक नियमांत 'वेटिंग सोल्यूशन' नावाचं एक ठरलेलं द्रावण आहे, म्हणजे साबणाचंच पाणी. तडकणं हा मुद्दा या मंडळींनी आधीच धरलेला आहे. नवीन आयबीसी घेताना त्यावरची उत्पादनाची तारीख बघा. धोकादायक मालासाठी प्लास्टिक आयबीसीची मुदत तयार झाल्यापासून पाच वर्षं असते आणि अडीच वर्षांनी तपासणी. तोटा एकच: ती पांढरट, उजेड आत घेणारी असते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर ठेवली तर दोन-तीन उन्हाळ्यांत बाटली ठिसूळ होते. पत्र्याखाली ठेवा.

जुन्या आयबीसी स्वस्तात मिळतात, मीही घेतल्यात. फक्त आधी काय भरलं होतं याची चिठ्ठी किंवा लेबल नसेल तर घेऊ नका. हायपोचा (ब्लीचच्या द्रावणाचा) अंश उरलेला असेल आणि वर अॅसिड स्लरी (डिटर्जंटचं आम्लधर्मी कच्चं रसायन) ओतली तर क्लोरीन वायू निघतो. शेडमध्ये माणूस असेल तर तो धावायच्या आत खाली बसतो.

केमिकल ग्रेडची रोटोमोल्ड टाकी ही तिसरी वाट, तीन ते दहा हजार लिटरसाठी. यात दोन जाती: साधी एचडीपीई आणि क्रॉसलिंक केलेली, एक्सएलपीई. क्रॉसलिंकमध्ये साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, त्यामुळे सटकायला वावच कमी. तडकणं टाळण्याच्या बाबतीत ती पॉलिथिलीनमध्ये सगळ्यात पुढे. पण एकदा चीर पडली तर तिला वेल्डिंग करून दुरुस्ती होत नाही, आणि भंगारवालाही तिला वितळवू शकत नाही. विकणाऱ्याला दोन गोष्टी लेखी मागा: टाकी किती घनतेसाठी बनवली आहे (१.५ किंवा १.९ असं उत्तर हवं) आणि राळेचा (प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा) ईएससीआर किती तास, तोही १० टक्के द्रावणात की शंभर टक्के. जो उत्तर देताना 'साहेब, हेवी ड्युटी आहे' एवढंच म्हणतो, त्याच्याकडे चहा घ्या आणि निघा.

पीपी-एफआरपी, म्हणजे आत पॉलिप्रॉपिलीनची शीट आणि बाहेरून फायबर, ही सातपूर-अंबडच्या प्लेटिंगवाल्यांच्या ओळखीची. साबणाने तडकण्याच्या बाबतीत पीपी पॉलिथिलीनपेक्षा खूप शांत. वॉशिंग मशीनचा बाहेरचा टब पीपीचा असतो, आणि त्याला आयुष्यभर गरम साबणाचं पाणीच भेटतं. उष्णताही जास्त सोसते. पॉलिथिलीनला ५० अंशांच्या वर ठेवायला मी धजत नाही, पीपीला ८० पर्यंत चालतं. तुम्हाला माल गरम ठेवायचा असेल तर दुसरा विचारच नको. अडचण जोडांची. शीटचे जोड हाताने वेल्ड केलेले असतात आणि गळती तिथूनच सुरू होते, म्हणून डिलिव्हरीच्या आधी समोर उभं राहून स्पार्क टेस्ट (विजेच्या ठिणगीने जोडातलं छिद्र शोधायची चाचणी) करून घ्या. शीट कोपॉलिमरची मागा. साधं होमोपॉलिमर थंडीत ठोकर सहन करत नाही, आणि निफाड-सिन्नरकडची डिसेंबरची पहाट काही गंमत नाही.

माल कोणता यावरही निवड फिरते. अॅसिड स्लरी लोखंडात ठेवली तर लोखंड खाते आणि स्वतः काळी पडते, प्लास्टिकमध्ये ठीक. पण कॉस्टिक टाकून न्यूट्रल करायचं काम साठवणीच्या टाकीत कधीच करू नका, भरपूर उष्णता निघते. बीटेन या सरफॅक्टंटमध्ये मीठ असतं, ते ३०४ स्टीलला खड्डे पाडतं. तिथे महागड्या स्टीलपेक्षा प्लास्टिक बरं, हे मी स्टीलची टाकी विकणाऱ्यासमोर बोललो होतो, त्याला आवडलं नाही. ७० टक्के एसएलईएस (हाही सरफॅक्टंटच) मात्र टाकीच्या भानगडीत न पडता ड्रममध्येच राहू द्या. थंडीत ती लोण्यासारखी होते, पंप ओढत नाही.

भावाला मी सर्वात जास्त वेळ बसवण्याबद्दल सांगितलं, कारण वरचं सगळं बरोबर करूनही माणूस इथे पैसे घालवतो. टाकीचा तळ पूर्ण टेकला पाहिजे, आरसीसीच्या सपाट ओट्यावर. अँगलच्या स्टँडवर फळ्या टाकून नाही. भरलेली टाकी पोटातून फुगते आणि नोझल बाहेर सरकतं. तिथे जीआय पाइप घट्ट जोडला तर पाइप हलत नाही, नोझल मोडतं. मधे रबरी बेलोज किंवा होजचा तुकडा लावा आणि व्हॉल्व्हचं वजन वेगळ्या आधारावर ठेवा. व्हेंट, म्हणजे हवेची वाट, माल भरणाऱ्या पाइपपेक्षा लहान नको. झाकण घट्ट लावून दोन इंची पंपाने माल ओढला की टाकी आत चेपते, आणि चेपलेली घडी म्हणजे पुढची चीर.

खाली डाईक, म्हणजे गळलेला माल अडवणारा कट्टा, हवंच, सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के. तीन हजार लिटरला तीन हजार तीनशे. तीन बाय तीन मीटरच्या जागेत भिंत साधारण ३७ सेंटिमीटर, उघड्यावर असेल तर पावसासाठी आणखी उंच, आणि डाईकचा ड्रेन व्हॉल्व्ह कायम बंद. सांडलं तर पाण्याचा पाइप घेऊन धावू नका, फेस छतापर्यंत जातो. कोरडी वाळू टाका, उचला. अंबड-सातपूरच्या नाल्यात गेलेला साबण नंदिनीतून गोदावरीला मिळतो आणि लिटरला काही मिलिग्रॅम एवढ्यानेही मासे मरतात.

भावाने शेवटी दोन नवीन केजवाल्या टाक्या घेतल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो बॅटरी घेऊन व्हॉल्व्हभोवती बघतो, मी सांगितलं म्हणून. काळी टाकीही घेतली, पण ती पाण्यासाठी.