हतनूरच्या काठावर दोन हिवाळे: ८×४२ दुर्बिणीचा अनुभव

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला येणाऱ्या आमच्या जळगाव-भुसावळकडच्या मंडळींत नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुर्बीण किती ताकदीची घ्यावी? मी स्वतः आधी १०×५० घेतली होती आणि गेले दोन हिवाळे ८×४२ वापरतो आहे (पहिला आकडा वर्धन, म्हणजे किती पट मोठे दिसते ते, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास), म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवजवळ होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला ४१ दरवाज्यांचे हे धरण आहे. पाणी उथळ आणि अफाट पसरलेले, काठ चिखलाचा, आणि बदकांचे थवे माणसापासून लांबच राहणारे. त्यामुळे जास्तीत जास्त मोठे दाखवणारी दुर्बीण हवी असे कोणालाही वाटते. मलाही तसेच वाटले होते. पण दुर्बीण पक्ष्याला दहा पट मोठे करते तेव्हा हाताची थरथरही दहा पट होते, आणि काठावर उभे राहून, वाऱ्यात, गळ्यात जवळपास किलोभर वजन घेऊन तासभर पाहिल्यावर तलवार बदक आणि थापट्या यांतला फरकसुद्धा डोळ्यांना कष्टाने कळू लागतो. ८×४२ चे वजन माझ्या तराजूवर ६८० ग्रॅम भरले.

खरा फायदा पहाटे दिसला. भिंगाचा व्यास भागिले वर्धन म्हणजे डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. इथे ती ४२ भागिले ८, म्हणजे ५.२५ मिलिमीटर येते, तर तेवढ्याच वजनाच्या १०×४२ मध्ये ४.२ वर थांबते. अंधूक उजेडात बाहुली विस्फारलेली असते तेव्हा हा फरक कागदावरचा राहत नाही. गेल्या जानेवारीत सूर्य उगवायच्या आधी धुक्याच्या पातळ थरात मोठ्या लालसरीचा एक नर दिसला. आधी डोक्याचा गंजासारखा तांबूस गोळा, मग पोवळ्यासारखी लाल चोच, मग काळी छाती. त्याने बुडी मारली आणि चोचीत शेवाळाची हिरवी दोरी घेऊन वर आला, तेव्हा तिच्यावरून ठिबकणारे पाणी मला मोजता आले असते. त्याच काठावर पट्टकादंबांच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे नीट दिसले, आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी केळीच्या बागांच्या पलीकडे शांतपणे चरत आहेत, या विचाराने मी बराच वेळ जागचा हललो नाही.

या दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १२९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. उडणारा नदी सुरय त्यात लवकर सापडतो.

चष्मा लावणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांतले अंतर निदान १५ मिलिमीटर मिळते आहे ना, हे दुकानातच चष्म्यासह पाहावे. उजव्या डोळ्याकडची डायॉप्टरची कडी, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी, आधी आपल्या नजरेला जुळवून घ्यावी. अनेकजण ती विसरतात आणि दुर्बिणीला दोष देतात.

तक्रार एकच, पण मोठी आहे. दुसऱ्या वर्षी डाव्या डोळ्याकडचा फिरवून वर करायचा रबरी कप ढिला पडला आणि आपोआप खाली बसू लागला. हमीचा काळ चालू असूनही कंपनीने दुर्बीण स्वखर्चाने पाठवायला सांगितली, आणि ती परत येईपर्यंत डिसेंबरचे पाच रविवार हातचे गेले. सुमारे १२,००० रुपये देऊन घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत हे मला अजिबात पटलेले नाही.

एका जागी बसून दूरचे तुतवार ओळखायचे असतील तर तिकाटणे (ट्रायपॉड) आणि त्यावर बसवून एका डोळ्याने पाहायचा, जास्त वर्धनाचा स्पॉटिंग स्कोप यांना पर्याय नाही. त्या कामासाठी ही दुर्बीण घेऊ नये. शिवाय फेब्रुवारीत सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा इतकी थरथरते की कोणतेही भिंग उपयोगी पडत नाही. काठावर साडेसहाला पोहोचावे.