गुडघ्याच्या ऑपरेशनआधी दवा बाजारातून आणलेलं सामान, काय कामी आलं आणि काय परत केलं

सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन आता दोन महिने होतील, आणि इथे इंदूरच्या रामबागेतल्या दोघीतिघींनी विचारलं की सामान काय घेतलं, कुठून घेतलं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. पहिली गोष्ट म्हणजे सामान ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी घरात आणा. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ करून आणलेला वॉकर पेशंटला परका वाटतो, आणि तेव्हा पाय दुखत असताना तो शिकायचा म्हणजे फार त्रास.

वॉकर. आधी ऑनलाइन मागवला होता, फोल्डिंगचा, दिसायला छान. पण आमचं घर जुनं, बाथरूमचा दरवाजा २२ इंच आणि वॉकर पायांपाशी २४ इंच, आत जाईचना. परत करायला आठ दिवस फोन करावे लागले. मग एमवाय हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात गेलो, तिथल्या सर्जिकलवाल्या भैयांनी काही दाखवायच्या आधीच विचारलं, "मैडम, बाथरूम का दरवाज़ा नापा क्या?" तिथेच मला बरं वाटलं. त्यांनी अरुंद, बिनचाकाचा वॉकर दिला आणि उंची कशी लावायची ते सांगितलं, म्हणजे हात सरळ खाली सोडून उभं राहायचं आणि मनगटाच्या रेषेशी हँडल आलं पाहिजे, मग धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. आणि हे माप घरात घालायच्या चपला घालूनच घ्यायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

कमोड रेझर, म्हणजे कमोडवर बसवून त्याची उंची वाढवणारी सीट, ४ इंची. माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू हीच. बसका कमोड असेल तर उठताना सगळा भार त्या गुडघ्यावर येतो, आणि रात्री दोन वाजता कुणाला हाक मारायची याचंच पेशंटला जास्त टेन्शन असतं. फक्त आपला कमोड गोल आहे का लांबट ते बघून जा. आमचा गोल, पहिला आणलेला हलत होता, दुकानदारांनी काही न बोलता बदलून दिला. बाजूचे स्क्रू मात्र दर दोनतीन दिवसांनी आवळावे लागतात, त्याचा एक मार्क कापते.

स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं, प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं साधन, अडीचशे रुपयांत मिळालं. आई, म्हणजे सासूबाई, चार दिवस त्यात जोरात फुंकत होत्या! फिजिओ घरी आल्या तेव्हा कळलं की फुंकायचं नसतं, श्वास हळूहळू आत ओढायचा असतो. गोळ्यांच्या नळ्यांवर ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं ते म्हणजे सेकंदाला किती सीसी हवा आत जातेय. ऑपरेशननंतर पडून राहिल्यावर फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ साठतो, म्हणून ही सवय आधीच लावायची. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली, ऍडमिट व्हायच्या वेळी दोन गोळ्या वर थांबायला लागल्या. फिजिओंनी मांडीचे व्यायामही तेव्हाच सुरू केले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि पाच आकडे मोजायचे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभं करताना आईंना तेच सांगितलं गेलं आणि त्यांना ते येत होतं.

भाड्याचा हॉस्पिटल बेड घेऊ नका असं दुकानदारांनीच सांगितलं. बसल्यावर पाऊल जमिनीला टेकलं पाहिजे आणि गुडघा कमरेपेक्षा खाली राहिला पाहिजे एवढंच बघायचं, आमच्या दिवाणावर दुसरी गादी टाकली आणि काम झालं. स्वतःचं गिऱ्हाईक सोडून असं सांगणारा माणूस आता कुठे मिळतो.

घरातलं बाकी काम पैशाचं नाही, पण वेळ काढून करायचं. पायपुसणी, दरी, फ्रिजची लोंबती वायर सगळं उचललं, रात्रीचा छोटा दिवा बाथरूमच्या वाटेवर लावला, चहासाखरेचे डबे कमरेच्या उंचीला आणले. अवघड होतं ते देवघर. आई ४० वर्षं पाटावर बसून पूजा करतात, आणि डॉक्टर म्हणाले जमिनीवर बसणं आता बंद. देव टेबलावर ठेवायचे ठरले त्या दिवशी त्या कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतः टाक घासले, नवं वस्त्र घातलं आणि स्वतःच्याच हातांनी वर मांडले. आम्ही आधीच परस्पर हलवले असते तर फार चुकलं असतं.

हॉस्पिटलच्या यादीत एक ओळ होती, दागिने आणि नेलपॉलिश काढून येणे. पाटल्या काढायच्या म्हटल्यावर निघेनात, म्हणून आठवडाभर आधी साबण लावून शांतपणे काढल्या, ऑपरेशन थिएटरच्या दारात ओढाताण नको. मंगळसूत्र मात्र त्यांनी त्याच सकाळी काढून बाबांच्या हातात दिलं. आणि चहा! दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो खाण्यात धरतात, म्हणून ६ तास आधीपासून बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालेल असं भुलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गॅसजवळ चिकटवा, पहाटे पाचला सवयीने आधण ठेवलं जातं.

सामानाला ५ पैकी ४, दुकानाला ५. पार्किंग नाही, रिक्षानेच जा.

वॉकर धुऊन पुसून माळ्यावर ठेवलाय. कमोड रेझर काढलेला नाही, डावा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरलाय आणि आई आतापासूनच रोज सकाळी स्पायरोमीटर घेऊन बसतात.