सात बटा पन्नास

फोंड्यात घर बांधलं तेव्हा हॉलच्या मोठ्या भिंतीवर काय लावायचं यावर आमच्याकडे महिनाभर काथ्याकूट चालला होता. जानेवारीत किनाऱ्याकडच्या एका रात्रीच्या बाजारात मला ते चित्र दिसलं. अमूर्तच, काळ्यात विरत गेलेला गडद निळा, आणि मधोमध तिरक्या ओळीत तीन सोनेरी ठिपके. मृगाच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण! आजोबांनी अंगणात उभं करून आकाशात दाखवलेला. विक्रेत्याला मृग-व्याध काही ठाऊक नव्हतं, मीच हौसेने त्याला गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक भाळलंय हे त्याला तिथेच कळलं असणार.

"लिमिटेड एडिशन आहे मॅडम, फक्त ५० प्रती. ही सातवी. सोनेरी रंग चित्रकाराने प्रत्येक प्रतीवर हाताने लावलाय." खाली पेन्सिलीत ७/५० आणि सही, सोबत होलोग्राम चिकटवलेलं सर्टिफिकेट. बाजारातल्या पिवळ्या दिव्यांखाली ते ठिपके खरंच चमकत होते (त्या उजेडात पितळही चमकतं). ९,००० सांगितले, ८,००० ला दिलं. बिल मागितलं तर बिलबुक संपलं होतं. "व्हॉट्सॲप करतो." मी क्यूआर स्कॅन करून मोकळी झाले.

पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशी धरली. गोव्यात त्याचं कोणाला नवल नाही. चवथीच्या आधी फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने मागचे खिळे काढले, कागद बाहेर घेतला, सहीवर भिंग धरलं आणि म्हणाला, "बाय, ही सय न्हय, हें छापलां."

मीही पाहिलं. निळ्या रंगाच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे ओळीने. साधी ऑफसेट छपाई. सोनेरी म्हणजे पिवळे-तांबूस ठिपके, वर ब्रशचा एक फटकारा नाही. पेन्सिलीची राखाडी रेघसुद्धा ठिपक्यांचीच! खरी पेन्सिल कागद तिरका धरला की किंचित चकाकते, खोडरबराने पुसट होते. इथे आकडासुद्धा छापलेला. म्हणजे छापखान्यातून निघालेली प्रत्येक प्रत सातवीच.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बिल आहे का, हा प्रश्न आलाच. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण करायची कोणावर? माझ्याकडे यूपीआयवरचं एक नाव, आणि व्हॉट्सॲपवर एकच बरोबरची खूण.

छापील चित्र घेण्यात वाईट काही नाही, पोस्टर म्हणून पोस्टरच्या भावात घ्यावं. पण क्रमांक आणि सहीचे पैसे मोजणार असाल तर काचेत बंद केलेलं घेऊ नका, फ्रेम उघडायला लावा. दहा पटींचं भिंग पर्समध्ये मावतं. "५० प्रतींची आवृत्ती, हाताने केलेली सही" हे शब्द बिलावर लिहून मागा. खोटं असेल तर तो आधी हसेल, मग लिहायचं टाळेल.

ऑक्टोबरात दाढ दुखली म्हणून म्हापशाला गेले. दवाखान्यात, औषधांच्या कॅलेंडरशेजारी, तेच चित्र. जवळ जाऊन पाहिलं, ७/५०. डॉक्टरांना विचारलं, केवढ्याला घेतलंत?

"साडेचार हजार. का हो?"

तोंडात कापूस होता, म्हणून सुटले.