मस्टँग जीटी पावसाळाभर वापरल्यावर: ४०१ अश्वशक्ती राहू द्या, आधी मागच्या टायरची तारीख वाचा

फोर्डच्या या गाडीला पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०१ अश्वशक्ती, ५१५ न्यूटनमीटर टॉर्क, सगळा जोर मागच्या चाकांवर, टायर पुढे २५५/४० आर१९ आणि मागे २७५/४० आर१९ (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये). हे सगळं वाचणाऱ्यांना पाठ असेल असं धरतो. शहरातलं मायलेज आणि स्पीडब्रेकरवर घासणारं पोट याबद्दल कुरकुर करायची असेल त्याने ही गाडी घेऊच नये, विषय संपला. हा अनुभव जवळजवळ पूर्णपणे मागच्या दोन टायरांबद्दल आहे, आणि लिहायला निमित्त झालं ते एका वर्कशॉपशी झालेली हुज्जत.

तक्रार साधी होती. ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून निघताना किंवा फ्लायओव्हरच्या वळणावर जरा अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागची बाजू सरकायची आणि ईएससीचा (गाडीची घसरण आवरणाऱ्या संगणकाचा) पिवळा दिवा लुकलुकायचा. वर्कशॉपचं उत्तर: "पॉवरफुल गाडी आहे साहेब, एवढं होणारच. ट्रेड तर भरपूर आहे." ट्रेड (टायरवरची खोबणीदार नक्षी) होतंच, खोली पाच मिलिमीटरच्या वर. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे. पण साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूवरच्या, डॉट कोडचे (निर्मितीची माहिती देणाऱ्या क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे होते ३११६, म्हणजे २०१६ सालचा ३१वा आठवडा. तो टायर झिजला नव्हता, तो म्हातारा झाला होता. नखाने दाबलं तर ट्रेडचा ठोकळा दबत नाही, खोबणीच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसतात. असं रबर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी निभावून नेतं. ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत जागांमध्ये मात्र ते शिरत नाही, वरून घसरतं.

आपल्याकडे ही गाडी जुलै २०१६ मध्ये आली, तेव्हा एक्स-शोरूम ६५ लाखांना. बहुतेक गाड्या रविवारी सकाळीच बाहेर निघतात. त्यामुळे सेकंडहँड बाजारात कमी किलोमीटरच्या, चकाचक आणि मूळ टायरवरच्या मस्टँग भरपूर दिसतात. "ओरिजिनल टायर" हे विकणारा कौतुकाने सांगतो. पावसाळ्याच्या दृष्टीने ते दुर्गुण आहे.

आता हिशेब. गाडी साधारण १८०० किलोची, त्यातलं निम्म्याहून थोडं कमी वजन मागच्या अ‍ॅक्सलवर. दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर मागच्या चाकांवर येणारा जोर चांगल्या टायरलाही ओल्या डांबरावर पेलेल त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे नव्या टायरवरसुद्धा अर्ध्याच अ‍ॅक्सिलरेटरची मुभा आहे, जुन्या कडक टायरवर त्याहूनही कमी. त्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारी यंत्रणा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत राहतं आणि दुसरं गाडीला धरून ठेवतं. इथे दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात, आणि दोन्ही सुटली की शेपूट बाजूला जातं. कोरड्या रस्त्यावर जे वरदान, तेच पावसात शाप.

सगळ्यात घातक प्रसंग मात्र पिकअपचा नाही, किकडाउनचा. घाटात किंवा रॅम्पवर वळण संपायच्या आत ओव्हरटेकसाठी पाय दाबला की सहा गिअरचा ऑटोमॅटिक दोन गिअर खाली टाकतो. चालकाला हवा असतो थोडा जोर, चाकांवर येतो भलताच. उपाय: ओल्या रस्त्यावर वळणात शिरण्याआधीच स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर पक्का करा, तिसरा किंवा चौथा, आणि वळण पूर्ण सरळ होईपर्यंत बदलू नका. वळणाच्या मधोमध पॅडलने खाली टाकणं तितकंच वाईट. इंजिन ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांवर येतं आणि परिणाम तोच.

ड्राइव्ह मोडबद्दल. स्नो/वेट मोडमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मऊ होतो, ईएससी पूर्ण जागं असतं. पावसात तो लावा, वाद नाही. डोकं फिरतं ते याने, की गाडी बंद करून चालू केली की मोड परत नॉर्मलला. पेट्रोल भरायला थांबलात, बाहेर धो धो कोसळतंय, निघालात, आणि टॉगल दाबायचं राहिलं. एवढ्या पैशांच्या गाडीला शेवटचा मोड लक्षात ठेवता येऊ नये? स्पोर्ट+ पावसात कशाला लागतो हे कळत नाही. ट्रॅक मोडमध्ये ईएससी बराच हात आखडता घेतं, त्या वाटेला जाऊच नका.

टायर बदलल्यानंतरची भर

वरचं मोडबद्दलचं वैतागणं तसंच ठेवतोय, पण त्याचं वजन आता निम्मं करा. चारही टायर नवे घातल्यावर त्याच रस्त्यांवर, त्याच वेगाने, नॉर्मल मोडमध्येसुद्धा दिवा क्वचित लागतो. आधी स्नो/वेट मोड या गाडीची गरज वाटायची. आता दिसतंय की तो जुन्या रबरावरची मलमपट्टी होता. ईएससी एकेका चाकाला ब्रेक लावतं, इंजिनचा जोर कापतं, पण हे सगळं टायरच्या पकडीतूनच करतं. पकडच नसेल तर संगणक काय करणार?

टायर बसवताना दुसरा वाद. मागचा जोड पन्नास हजारांच्या वर जातो म्हणून वर्कशॉपने तोडगा काढला: "सध्या पुढचे दोन घाला, स्टिअरिंग पुढे असतं ना." हे अगदी उलटं आहे. दोनच बदलायचे असतील तर नवे नेहमी मागे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की वेग उतरतो आणि सावरते. मागची घसरली तर ती फिरते. शिवाय पुढचं-मागचं माप वेगळं असल्याने नंतर अदलाबदलही करता येत नाही. पैसे वाचवायचेच तर ते रंगावरच्या कोटिंगवर आणि टायरमध्ये भरायच्या नायट्रोजनवर वाचवा.

ट्रेड मोजायला गेज दोनशे रुपयांत मिळतो. बाहेरची कड, मधला भाग, आतली कड, अशा तीन ठिकाणी मोजा. मागच्या चाकांना कॅम्बर (वरच्या बाजूने आत झुकाव) असल्याने आतली कड आधी जाते, आणि मागचं चाक वळत नसल्याने ती उभ्याने दिसतच नाही. गाडी लिफ्टवर घ्या किंवा मोबाईल खाली सरकवून फोटो काढा. या गाडीला चार मिलिमीटरच्या खाली पावसाळ्यात उतरवू नये, १.६ हा आकडा विसरा.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज पाण्यावर उलटतो. ८० च्या वेगाला तीन मिलिमीटर पाण्यातून जाताना २७५ च्या टायरला सेकंदाला साधारण १६ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर चढतो. नासाच्या लँग्ली केंद्राने १९६३ मध्ये विमानांच्या टायरांवरून काढलेलं सूत्र गाड्यांनाही अंदाजापुरतं लागू पडतं: खोल पाणी आणि गुळगुळीत टायर असेल तर हवेचा दाब ३२ पीएसआय असताना ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास, २४ पीएसआयला ८२ च्या आसपास टायर तरंगतो. चांगलं ट्रेड हा आकडा वर नेतं, कमी हवा खाली आणते. म्हणून पावसात हवा कमी करून पकड वाढवण्याचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून निघून या. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा, थंड टायरवर, दर पंधरवड्याला.

पाणी साचतं कुठे? डांबरी हायवेवर ट्रकांच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांत. हातभर बाजूला सरून चालवा. फ्लायओव्हरच्या लोखंडी सांध्यांवर, जाड पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पेव्हर ब्लॉकवर अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवा. ताम्हिणीत जुलैनंतर झाडाखालच्या कडेला शेवाळ धरतं, तिथे कुठलाच टायर चालत नाही. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास, तेल-धुळीचा राप वर आलेला असताना, गाडी घरीच बरी. क्रूझ कंट्रोल पावसात बंद.

आणि सुटलीच तर. स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं, इंजिनचा आवाज चढला पण गाडी ओढत नाहीये, म्हणजे ती पाण्यावर आहे. पाय हळू काढा, ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ धरा. चाकं वळवून ठेवलीत तर पकड परत आल्याक्षणी गाडी त्या दिशेला उडी मारते. शेपूट गेलं असेल तर पाय झटक्यात काढू नका, अर्धा काढा. शेपूट डावीकडे गेलं तर स्टिअरिंगही डावीकडे, नजर जायचंय तिकडे. खरी चूक इथे होते: गाडी सावरायला लागली की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने परत आणावं लागतं. उशीर झाला की शेपूट उलट बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फेकलं जातं, आणि बहुतेक गाड्या दुभाजकावर जातात त्या या दुसऱ्या झोक्यात. पूर्ण गिरकी घेतलीच तर ब्रेक तळाशी दाबून ठेवा, मग स्टिअरिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

वापरलेली घेणाऱ्यांसाठी: पाहायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी चारही टायरचे कोड वाचा. कोड एका बाजूलाच पूर्ण असतो, कधी कधी आतल्या, तेव्हा वाकायची तयारी ठेवा. टायर सहा वर्षांच्या वरचे असतील तर चारही नव्यांचं कोटेशन काढून ती रक्कम किमतीतून सरळ वजा करा. "फक्त बारा हजार चाललीय" असं मालक म्हणेल. म्हणू दे.